मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे साडेसहा तास



मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जावरचं व्याज कसं काढायचं ते बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या ताईला काय झालं? आज बोलायचं आहे विमानाच्या तिकिटाबद्दल. दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर किती, जायला वेळ किती लागतो, आणि तो वेळ तिकिटावर कसा वाचायचा. बचत गटाचा आणि याचा संबंध काय, तेही सांगते. कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे आणि तिची किंमत आमच्या गटातल्या एका मावशींनी मोजली आहे.

मावशींची लेक लग्नानंतर अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ राहायला गेली. गेल्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण, सासूबाई आजारी, म्हणून मावशींनी जायचं ठरलं. जावयांनी तिकीट काढून मोबाईलवर पाठवलं. मावशींनी वरखर्चासाठी गटातून कर्ज घेतलं. मोबाईल माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "ताई, तू बीए झालीस, तू वाच."

मी वाचलं. १४ सप्टेंबर. मुंबईहून निघणार ००:४०. न्यूयॉर्कला पोहोचणार ०७:१०. तारीख १४ सप्टेंबरच. मी सांगितलं, "मावशी, चौदा तारखेला रविवार आहे. रविवारी रात्री बारा चाळीसचं विमान. संध्याकाळी नऊपर्यंत विमानतळावर पोहोचा."

मावशींनी बोटं मोजली आणि विचारलं, "म्हणजे साडेसहा तासांत अमेरिका? अगं, आपल्या गावातून मुंबईला जायलाच सहा-सात तास लागतात."

मी हसले. म्हटलं, "मावशी, ते विमान आहे, एसटी नाही."

रविवारी रात्री नऊ वाजता मावशी पुतण्याबरोबर विमानतळावर पोहोचल्या. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे विमान काल रात्रीच गेलं."

शनिवार संपून रविवार लागल्यावर चाळीस मिनिटांनी ते विमान उडालं होतं. त्या वेळी मावशी घरी झोपल्या होत्या.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी हे समजून घेऊ, की मावशींचा प्रश्न बरोबर होता. मी हसण्याऐवजी त्यांच्याबरोबर बोटं मोजली असती, तर चूक तिथेच सापडली असती. चौदा तारखेच्या रात्री निघालेलं विमान चौदा तारखेच्या सकाळी कसं पोहोचेल? ते तिकिटावरच लिहिलेलं होतं. मी वाचलं, पण मोजलं नाही.

आता वही-पेन घ्या. एकेक गोष्ट बघू.

पहिली गोष्ट तारखेची. आपल्या घरात दिवस कधी बदलतो? उजाडल्यावर. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो. रात्री एक वाजता कुणाच्या पोटात दुखलं, तर आपण दुसऱ्या दिवशी सांगतो, "काल रात्री दुखत होतं." पण तिकिटाचा दिवस मध्यरात्री बदलतो. रात्रीचे बारा वाजले की तारीख नवी. म्हणून ००:४० म्हणजे तारीख लागून चाळीस मिनिटं झालेली. तिकिटावर रविवार असला तरी घरातून निघायचं शनिवारी. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत सुटतात, त्यामुळे ही चूक कुणाचीही होऊ शकते. तिकिटावर ०० पासून ०५ पर्यंतचा आकडा दिसला, की तारखेतून एक दिवस वजा करा आणि त्या दिवशी घर सोडा. ही एक ओळ वहीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मावशींचा प्रश्न इथेच येतो. साडेसहा तासांत अमेरिका कशी?

तर साडेसहा तासांत कुणी पोहोचत नाही. तिकिटावर दोन वेगवेगळी घड्याळं असतात. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळात आणि पोहोचण्याची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळात लिहिलेली असते. जगभर सगळी विमानतिकिटं अशीच असतात. त्यामागचा विचार साधा आहे. मुंबईत तुम्ही मुंबईचं घड्याळ पाहून निघता आणि तिकडे तुम्हाला घ्यायला येणारा माणूस तिथलं घड्याळ पाहून येतो.

ही घड्याळं वेगळी का? पृथ्वी गोल आहे आणि स्वतःभोवती फिरते हे शाळेत शिकलोय. एक फेरी ३६० अंशांची, तिला २४ तास. म्हणजे एका तासाला १५ अंश. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क साधारण ७४ अंश पश्चिम रेखांशावर. दोन्ही मिळून १४७ अंशांचं अंतर झालं. त्याला १५ नं भागा, जवळजवळ दहा तास येतात. आपल्याकडे सूर्य उगवल्यावर तो न्यूयॉर्कला उगवायला इतका वेळ लागतो. आपण सकाळी भाकरी थापतो, तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते.

प्रत्येक गावानं आपल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावलं तर गोंधळ होईल, म्हणून देश एकेक वेळ ठरवून घेतात. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते, जो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. आपली मुंबईसुद्धा १९५५ पर्यंत स्वतःचं वेगळं घड्याळ वापरत होती. ते भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होतं.

न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा मागे आहे, आणि त्यात एक गंमत आहे. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि हिवाळ्यात परत मागे घेतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे मार्च ते नोव्हेंबर न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि बाकीचे महिने साडेदहा तास मागे. आपण घड्याळ कधीच हलवत नाही, म्हणून हा फरक आपल्याला लक्षात ठेवावा लागतो.

आता मावशींचं तिकीट पुन्हा मोजू. बेरीज-वजाबाकीचे नियम पाठ करू नका, त्यात घोळ होतो. एकच करा. दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणा.

मुंबईहून निघणार चौदा तारखेला ००:४०. ही आपलीच वेळ. न्यूयॉर्कला पोहोचणार सकाळी ०७:१०. सप्टेंबर महिना, म्हणजे फरक साडेनऊ तासांचा. सात दहामध्ये साडेनऊ तास मिळवा. संध्याकाळचे चार चाळीस झाले. म्हणजे मावशी न्यूयॉर्कला उतरतील तेव्हा आपल्या गावात दुपार टळून चहाची वेळ झालेली असेल. रात्री बारा चाळीसपासून दुपारी चार चाळीसपर्यंत किती तास? सोळा.

साडेसहा नाही, सोळा तास.

परतीचं तिकीट डिसेंबरातलं होतं, तेही मोजू. न्यूयॉर्कहून दुपारी १२:०० ला निघणार, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १३:०० ला, म्हणजे एक वाजता पोहोचणार. वरवर पाहिलं तर पंचवीस तास दिसतात. पण डिसेंबरात फरक साडेदहा तासांचा. न्यूयॉर्कला दुपारचे बारा, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. साडेदहापासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत साडेचौदा तास होतात. जाताना साडेसहा दिसतात आणि येताना पंचवीस, पण खरे तास सोळा आणि साडेचौदा.

काही तिकिटांवर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात अधिकचं चिन्ह आणि १ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचणार. ते चिन्ह कधी सोडू नका.

आता तुम्ही विचाराल, जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, असं का? रस्ता तर तोच. त्यासाठी आधी तिसरी गोष्ट बघू, अंतराची.

मुंबई ते न्यूयॉर्क सर्वांत जवळच्या वाटेनं अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मोबाईलवर शोधलंत तर ते मैलात दिसेल, सुमारे ७,८०० मैल. एक मैल म्हणजे साधारण १.६ किलोमीटर, म्हणजे आकडा तोच. आपल्या गावापासून मुंबई अडीचशे किलोमीटर धरली, तर हे अंतर त्याच्या पन्नासपट झालं. सगळ्या पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर आहे. त्यामुळे पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं सरळ वाटेनं साधारण वीस हजार किलोमीटरपेक्षा लांब असू शकत नाहीत. आज नेमानं चालणाऱ्या थेट विमानसेवांमध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्क ही सर्वांत लांबच्यांपैकी एक आहे. तिचं अंतर १५,३०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि अठरा तासांहून जास्त वेळ विमानात बसावं लागतं.

पण "सरळ वाट" म्हणजे कोणती? मुलांच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा असतो. त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या उत्तर भागावरून आणि अटलांटिक महासागरावरून जाते. ती सरळ दिसते, पण जवळची नाही. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल.

शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर एकदा करून बघा. सुतळीचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि सुतळी घट्ट ओढा. ती आपोआप वर, उत्तरेकडे सरकते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर, फिनलंड-स्वीडन, आइसलंड आणि मग कॅनडाच्या पूर्व भागावरून खाली न्यूयॉर्कला उतरते. गोलावरची जवळची वाट हीच. भिंतीवरच्या नकाशावरची सरळ रेघ धरून विमान गेलं, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर जावं लागेल. म्हणजे दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त फेरा. डोंगराला वळसा घालणारी पायवाट लांब दिसते, पण कधी कधी तीच जवळची निघते, तसंच हे.

आता प्रत्यक्षात विमान नेमक्या या सुतळीवरून जातंच असं नाही. आकाशालाही हद्दी असतात. ज्या देशावरून जायचं त्याची परवानगी लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. रशियानं २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपल्यावरून जाऊ देणं थांबवलं. हद्द बंद झाली की विमानाला दक्षिणेकडून वळून जावं लागतं, अंतर वाढतं, इंधन जास्त लागतं आणि वेळही वाढतो. रस्त्यावर पूल बंद असला की एसटी दुसऱ्या गावावरून फिरून येते, तसंच. म्हणून शेजारणीच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी जितका वेळ लागला, तितकाच आज लागेल असं धरू नका. आपल्या तिकिटावरचा वेळ आपणच मोजायचा.

चौथी गोष्ट वाऱ्याची. मोठं जेट विमान तासाला साधारण ९०० किलोमीटर वेगानं जातं. १२,५०० ला ९०० नं भागलं तर चौदा तासांना थोडं कमी येतं. पण तिकिटावर सोळा तास आहेत. वरचे दोन तास कुठे गेले? थोडा वेळ जमिनीवर जातो. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, हळूहळू वर चढणं आणि उतरणं हे सगळं त्यात आलं. थोडा वेळ वाटेच्या फेऱ्यात जातो. आणि उरलेला वारा खातो.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जिथून ही विमानं उडतात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात ते जास्तच जोरात असतात. अमेरिकेला जाताना हा वारा बराचसा समोरून येतो आणि परत येताना पाठीमागून. वाऱ्याच्या तोंडाला सायकल चालवताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. समजा, वाटेत सरासरी तासाला ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना वेग ९०० चा ८५० झाला, तर १२,५०० किलोमीटरला सुमारे पावणेपंधरा तास लागतील. येताना ९५० झाला, तर सव्वातेरा तासांच्या आतच येईल. दीड तासाचा फरक नुसत्या वाऱ्यानं पडला.

इथे पुष्कळजण म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून एका बाजूला वेळ कमी लागतो. ते खरं नाही. चालत्या एसटीत बसून लिंबू वर उडवलं तर ते मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात येतं, कारण लिंबू, आपण आणि एसटीतली हवा सगळे एकत्रच पुढे जात असतात. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते. विमान त्या हवेतच उडतं. फरक पडतो तो हवेत वाहणाऱ्या वाऱ्यानं.

पाचवी गोष्ट मध्ये थांबणाऱ्या प्रवासाची. पूर्वी इतक्या लांब एका दमात जाणारी विमानंच नव्हती. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला उतरून लंडनला गेलं. न्यूयॉर्कची सेवा १९६० मध्ये सुरू झाली, तीही लंडनवरून. आज थेट विमान मिळतं, पण पुष्कळदा मध्ये उतरून जाणारं तिकीट स्वस्त पडतं, किंवा ऐनवेळी तेच मिळतं. मावशींना दुसरं तिकीट असंच दुबईवरून मिळालं.

मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. बेरीज १२,९५०. थेट अंतरापेक्षा जेमतेम साडेचारशे किलोमीटर जास्त. मग वेळ किती वाढला? मुंबईहून पहाटे ०४:३०, दुबईला ०६:०५. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणजे दिसायला एक तास पस्तीस मिनिटं, पण खरे तीन तास पाच मिनिटं. पुढचं विमान दुबईच्या घड्याळात ०८:३० ला, आणि न्यूयॉर्कला तिथल्या दुपारी १४:३० ला, म्हणजे अडीच वाजता. मधल्या वेळा विसरून पहिली आणि शेवटची वेळ आपल्या घड्याळात आणा. अडीचमध्ये साडेनऊ तास मिळवले, तर रात्रीचे बारा. पहाटे साडेचारपासून रात्री बारापर्यंत साडेएकोणीस तास. अंतर फार वाढलं नाही, पण वेळ साडेतीन तास वाढला, त्यातला अडीच तासांच्या आसपासचा थांब्यातच गेला.

थांबा मोजताना मात्र दोन्ही वेळा त्याच विमानतळाच्या घड्याळातल्या असतात. उतरणं ०६:०५ आणि पुन्हा निघणं ०८:३०, सरळ वजाबाकी करा, दोन तास पंचवीस मिनिटं. थांबा फार कमी असेल तर घाई होते. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं चुकू शकतं. वय झालेल्या बाईला लांब चालावं लागतं. तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवता येते. त्यात लाज नाही.

सहावी गोष्ट, आणि आपल्या बायकांसाठी सर्वांत कामाची. विमानाचा वेळ वेगळा आणि प्रवासाचा वेळ वेगळा. मावशींच्या पहिल्या तिकिटाचा हिशेब करू. गावातून मुंबई सहा तास. परदेशी विमानाच्या आधी तीन-चार तास पोहोचायचं, चार धरू. विमानात सोळा. तिकडे पासपोर्ट तपासणी आणि सामान यात दोन तास. एकूण अठ्ठावीस तास. घराच्या उंबऱ्यापासून लेकीच्या हातात हात देईपर्यंत सव्वा दिवस. त्या अठ्ठावीस तासांचं जेवण, झोप आणि औषध, हे सगळं आधी ठरवायला हवं.

औषधाचं जास्त महत्त्वाचं. मावशींना साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ असते. विमानात सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली? खिडकीबाहेर पाहून ठरवायला गेलात तर गोळी चुकेल किंवा दोनदा घेतली जाईल. म्हणून तिकीट आपल्या घड्याळात लिहून काढा, तो कागद घेऊन जाण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि विचारा, कोणती गोळी किती वाजता घेऊ आणि तिकडच्या वेळेवर कधी जाऊ. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये. इन्सुलिन, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग उशिरा पोहोचू शकते, आणि सामानाच्या जागेत थंडीनं इन्सुलिन गोठून खराब होण्याची भीती असते. इतका वेळ एका जागी बसल्यानं पायांना सूज येते, क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गाठही होऊ शकते. दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली हलवा, पाणी पीत राहा. पोहोचल्यावर चार-आठ दिवस रात्री जाग येते आणि दुपारी झोप येते. ते आजारपण नाही. शरीराचं घड्याळ अजून गावातच असतं, त्याला सावकाश सरकू द्या. दिवसा उजेडात बसा, म्हणजे ते लवकर जुळतं.

आणखी एक बघायचं, विमानतळाचं नाव. न्यूयॉर्कच्या आजूबाजूला एकापेक्षा जास्त मोठे विमानतळ आहेत. जॉन एफ. केनेडी हा एक, आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यातला नेवार्क हा दुसरा. जावई एकीकडे आणि सासूबाई दुसरीकडे असं व्हायला नको. आपल्याकडेही आता तेच झालं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिकिटावर मुंबई दिसलं तरी कोणता विमानतळ आणि कोणतं टर्मिनल, ते वाचून मगच गाडीवाल्याला सांगा.

आता मावशींचं राहिलेलं सांगते.

त्या रविवारी रात्री मावशी पुतण्याच्या घरी डोंबिवलीला गेल्या. सोमवारचा अख्खा दिवस दुसऱ्या तिकिटाच्या धावपळीत गेला. पहिल्या तिकिटाचे फार थोडे पैसे परत मिळाले. नव्या तिकिटासाठी जावयांनी तिकडून पैसे भरले आणि मावशींनी गटाकडे आणखी कर्ज मागितलं. तातडीची बैठक घेऊन आम्ही ते दिलं. त्याच सोमवारी, तिकडे पहाट असताना, लेक बाळंत झाली. नात झाली. मावशींना ते फोनवर कळलं. बाळंतपणाला आई जवळ असावी म्हणून सहा महिन्यांपासून तयारी चालली होती. पहिलं तिकीट पकडलं असतं तर मावशी आदल्या सकाळीच लेकीजवळ असत्या.

मंगळवारी पहाटेच्या विमानासाठी त्या सोमवारी रात्रीच विमानतळावर जाऊन बसल्या. या वेळी तिकीट पुतण्यानं वाचलं आणि मावशींनी बोटांवर मोजलं.

डिसेंबरात त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं." त्या म्हणाल्या, "तू वाचलंस, मी ऐकलं. मला शंका आली होती ती मी गिळली. तू शिकलेली, मग तुझंच बरोबर असणार असं वाटलं." मग त्यांनी नातीचे फोटो दाखवले. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या तिकिटासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्या अजून भरतात. दर महिन्याच्या बैठकीत ती नोंद मी माझ्या हातानं लिहिते.

त्यानंतर आमच्या गटानं एक नियम केला आहे. कुणाचंही तिकीट, रेल्वेचं असो की विमानाचं, दोघींनी वेगवेगळं वाचायचं आणि तिसरीनं मोजायचं. मोजणारी शिकलेली असायलाच हवी असं नाही. गटातल्या एका ताईंची लेक दुबईला कामाला आहे. परवा तिचं तिकीट मोजलं ते आमच्या आजींनी, ज्यांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. त्यांनी विचारलं, "घर कोणत्या वारी सोडायचं? उतरेल तेव्हा आपल्या गावात किती वाजलेले असतील? मधे किती तास झाले?" तीनच प्रश्न. तिन्हींची उत्तरं जुळली, मगच आम्ही हो म्हटलं.

हे तीन प्रश्न तुम्हीही वहीत लिहून घ्या. घर कोणत्या वारी सोडायचं. पोहोचेल तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील. मधे खरे तास किती. आणि लेकीला फोन लावतानाही दुसरा प्रश्न उपयोगी पडतो. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ असतात. आपण सकाळी नऊला फोन केला, तर उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि बाळ नुकतंच झोपलेलं असतं.

तुमच्या गटात कुणाचं तिकीट आलं असेल तर येत्या बैठकीत ते सगळ्यांसमोर ठेवा आणि मोजा. आणि एखादी मावशी म्हणाली, "ताई, हे काहीतरी चुकतंय," तर हसू नका. तिच्याबरोबर पुन्हा मोजा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.